गृहोपयोगी विज्ञान : वाहनावर उडालेले रंगाचे तुषार

पावसाळा सरून आकाश निवळलें, कीं आपल्याकडे घरांच्या डागडुजीचे आणि रंगरंगोटीचे दिवस येतात. पूर्वीं भिंतींवर चुन्याचा हात फिरविला आणि जोत्यास गेरूचा पट्टा ओढला, म्हणजे दिवाळीची निम्मी तयारी झाली असें समजत. आतां वाड्यांच्या जागीं गृहसंस्थांच्या बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि कुंचल्याच्या जोडीस हवेच्या दाबावर चालणारें रंगफवारणीचें यंत्र आलें आहे. काम झटपट होतें, जाळ्यांच्या व कठड्यांच्या सांदीकोपऱ्यांत रंग सहज पोंचतो, हें खरें. परंतु या यंत्राबरोबर एक नवी अडचणही अंगणांत आली आहे. जेथें रंग हवा असतो तेथें तो बसतो, आणि जेथें नको असतो तेथेंही जाऊन बसतो.

या अडचणीसंबंधीं एका भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या इमारतीच्या लोखंडी जाळ्यांना पांढऱ्या ऑइलपेंटचा फवारा मारीत असतां खालीं त्यांच्या दिवंगत यजमानांची मोटारसायकल उभी होती. वाहन चाळीस वर्षांचें, परंतु मुलानें चालतें ठेवलेलें. संध्याकाळीं पाहतात तों काळी टाकी राखाडी दिसूं लागलेली, आणि हात फिरवावा तर पॉलिशपेपरासारखी खरखरीत. टाकीवर कारखान्यांतील कारागिरानें हातानें ओढलेल्या सोनेरी रेषा आहेत. शेजारचा एक तरुण म्हणतो, थिनरनें पुसा, क्षणांत निघेल. दुसरे एक गृहस्थ म्हणतात, सारी टाकी खरवडून नव्यानें रंगवा. आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा विचार असा, कीं नव्या रंगाचा खर्च रंगाऱ्याच्या मजुरींतून कापून घ्यावा. या तिन्ही सूचना आपणांस रुचत नाहींत, तर योग्य मार्ग कोणता, असा या भगिनींचा प्रश्न आहे.

त्यांना आम्हीं तातडीनें खाजगी उत्तर पाठविलेंच आहे. परंतु ही आपत्ति आज कोणत्याही घरावर येण्यासारखी असल्यामुळें तिचा विचार येथें सविस्तर करीत आहोंत.

प्रथम हें तुषार आहेत तरी काय, तें पाहूं. फवारणीच्या यंत्राची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील टोलेडो शहरीं डॉ. ॲलन डीव्हिल्बिस नांवाचे घशाचे वैद्य होते. रोग्याच्या घशांत औषध नीट पोंचावें म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं औषधाचे तुषार उडविणारें एक लहानसें उपकरण तयार केलें. त्यांचे चिरंजीव टॉमस यांनीं १९०७ च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंग उडविणारें यंत्र बनविलें. पुढें १९२३ सालीं ड्युपाँ कंपनीनें 'ड्युको' या नांवाचा लवकर वाळणारा रंग काढला, तेव्हां मोटारींच्या कारखान्यांत या यंत्राचें राज्य सुरू झालें. तोंवर एक मोटार कुंचल्यानें रंगवून पुरती वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत; तें काम आतां थोडक्या वेळांत होऊं लागलें. आपल्याकडील सुतार आजही कपाटाच्या गुळगुळीत रंगकामास 'ड्युको' म्हणतात, तो त्याच नांवाचा अवशेष होय.

या यंत्रांत जोरानें येणारी हवा रंगाच्या धारेचा चुराडा करते. त्यांतून निघणारा एकेक थेंब मिलिमीटरच्या काहीं शतांश भागांएवढाच असतो. भिंत रंगवीत असतां बहुतेक थेंब भिंतीवर जातात. परंतु जाळीसारख्या वस्तूंत रिकामी जागाच अधिक, त्यामुळें पुष्कळसा रंग आरपार निघून जातो. वाऱ्यावर तरंगणाऱ्या या थेंबांतील द्रव वाटेंतच उडूं लागतो. जे थेंब दूर जातात ते अर्धेमुर्धे वाळून धुळीसारखे खालीं येतात आणि पृष्ठभागावर केवळ टेंकतात. जे जवळच पडतात ते ओले असल्यामुळें चपटे होऊन चिकटतात. दोहोंचा अंतिम परिणाम सारखाच दिसतो, पण पहिले सहज निघतात आणि दुसऱ्यांस थोडा प्रयास पडतो.

येथें एक गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व उपाय तिच्यावरच उभारलेले आहेत. तुषार हे मूळ रंगाच्या वर बसलेले असतात, त्याच्या आंत शिरलेले नसतात. टाकीचा रंग बिघडलेला नाहीं, तो झांकलेला आहे. तेव्हां आपणांस टाकी रंगवावयाची नाहीं, तर तिच्यावरील पाहुण्यास यजमानाला धक्का न लावतां बाहेर काढावयाचें आहे.

आतां या यजमानाची प्रकृति किती नाजूक आहे तें पाहा. अलीकडील वाहनांवर पत्र्यास धरून राहणारा अस्तराचा थर, त्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक तकाकीचा थर, अशी रचना असते. हा पारदर्शक थर सामान्यतः चाळीस ते पन्नास मायक्रॉन जाडीचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर वाहनाची सारी झळाळी केसाहूनही बारीक अशा पापुद्र्यावर अवलंबून आहे हें दिसून येईल. कडांवर आणि उंचवट्यांवर तर तो याहूनही पातळ असतो. जुन्या वाहनांवर बहुधा हा पारदर्शक थर नसतोच. रंग हाच शेवटचा थर. तो एकदां घांसून गेला, कीं खालचें अस्तर डोकावूं लागतें आणि गेलेला रंग कोणत्याही पॉलिशनें परत येत नाहीं. जुना रंग कितीही जपावा, तो कमीच होत जातो. वाढत कधींच नाहीं. म्हणून सौम्य उपायापासून आरंभ करावा, प्रत्येक पायरीवर थांबून पाहावें, आणि काम झालें कीं पुढच्या पायरीकडे वळूं नये. या कामांत घाईसारखा शत्रु नाहीं.

आपल्या वाहनावर पारदर्शक थर आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. टाकीच्या खालच्या, सहसा न दिसणाऱ्या भागावर पांढऱ्या मऊ कापडानें किंचित् पॉलिश लावून हलकेंच चोळावें. कापड पांढरेंच राहिलें तर वर पारदर्शक थर आहे. कापडास टाकीचा रंग लागला, तर तो थर नाहीं आणि आपण प्रत्यक्ष रंगावरच हात फिरवीत आहोंत, हें समजून दुप्पट सावधगिरी बाळगावी.

दुसरी चौकशी उडालेल्या रंगाची. ही चौकशी खुद्द रंगाऱ्याकडेच करावी. डबा कोणत्या जातीचा होता, त्यांत काय मिसळलें होतें, फवारा किती वाजतां मारला, हें त्याच्याइतकें नेमकें कोणास ठाऊक असणार? पाण्यांत कालविलेला डिस्टेंपर वा इमल्शन रंग असेल तर काम सर्वांत सोपें. ऑइलपेंट असेल तर मध्यम. आणि ज्यांत दोन डब्यांतील द्रव्यें एकत्र करून रंग घट्ट बसवितात अशा जातीचा, म्हणजे इपॉक्सी अथवा पॉलियुरेथेन रंग असेल, तर तो वाळल्यावर अत्यंत चिवट होतो. अशा वेळीं घरगुती प्रयोगांच्या भरीस न पडतां वाहनाच्या रंगाच्या जाणत्या कारागिराकडेच जावें. काळाचाही प्रश्न आहे. ऑइलपेंट कांहीं तासांत बोटास लागेनासा होतो, तरी पुरता कठीण होण्यास त्यास कित्येक दिवस लागतात. म्हणून पहिल्या चार-आठ दिवसांत केलेला सौम्य उपाय महिन्यानंतरच्या कडक उपायाहून अधिक गुणकारी ठरतो. घाई आरंभाची असावी, हाताची नसावी.

आतां प्रत्यक्ष कृति. वाहन सावलींत घ्यावें. इंजिन, धुराची नळी आणि टाकी पूर्ण गार झालेलीं असावींत. टाकीचें झांकण घट्ट लावलेलें आहे याची खात्री करून घ्यावी. प्रथम नुसत्या पाण्याच्या हलक्या धारेनें धूळ व वाळूचे कण वाहून जाऊं द्यावेत. वाळूवर कापड फिरविणें म्हणजे आपल्या हातानें ओरखडे काढणें होय. नंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकींत वाहन धुण्याचा सौम्य साबण कालवावा, दुसरींत स्वच्छ पाणी ठेवावें. कापड साबणांत बुडवून थोडा भाग पुसावा, मग तें स्वच्छ पाण्यांत खळबळून घ्यावें, आणि पुन्हां साबणांत बुडवावें. अशानें काढलेली घाण परत टाकीवर जात नाहीं. भांडीं घांसण्याची पूड वा वडी, राख, काथ्या किंवा तारेची घांसणी यांचा येथें स्पर्शही होतां कामा नये. घरांतील जुन्या धोतराचें कापड मऊ लागतें खरें, परंतु त्याची शिवण आणि काठ राठ असतात. वापरावयाचेंच झाल्यास ते कापून टाकावेत. बाजारांत मिळणारें मायक्रोफायबरचें कापड अधिक चांगलें, कारण त्याच्या लवींत कण अडकून राहतात.

पाण्यांत कालविलेला रंग ताजा असेल तर एवढ्यानेंच निघून जातो. थोडा वाळला असल्यास कोमट साबणाच्या पाण्यांत भिजविलेलें कापड पाव तास त्यावर पसरून ठेवावें, म्हणजे कण मऊ पडतात. चुन्याचे शिंतोडे असतील तर ते कोरडे असतांना मुळींच चोळूं नयेत. चुन्यांतील कणी बारीक वाळूसारखी कापते. तेही असेच भिजवून काढावेत.

धुतल्यानंतर तपासणी करावी. त्यासाठीं एक नामी युक्ति आहे. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातांत मोज्यासारखी चढवून बोटें टाकीवरून अलगद फिरवावीं. उघड्या बोटांस न कळणारी बारीक खरखरही या पिशवींतून स्पष्ट जाणवते. खरखर कोठें आहे व कोठें नाहीं, हें खडूनें कागदावर टिपून ठेवलें तरी चालेल. जेथें नाहीं तेथें पुढील उपाय करण्याचें कारण उरत नाहीं.

उरलेले कण काढण्यास उत्तम साधन म्हणजे 'क्ले बार' या नांवानें मिळणारी मऊ मातीसारखी वडी. नांव मातीचें असलें तरी ती खरी माती नव्हे. लवचीक कृत्रिम द्रव्यांत अतिसूक्ष्म घर्षक पूड मळून ती केलेली असते. ही वडी जपानांतून जगभर पसरली, आणि रंगशाळांत वाहनांवर उडालेले असे तुषार काढणें हाच तिचा आरंभींचा उपयोग होता. तिचें तत्त्व आमच्या वाचक भगिनींस चटकन् समजेल. परातींत रवा सांडला तर आपण कणकेच्या गोळ्यानें तो हलकेच टिपून घेतों. परातीस ओरखडा पडत नाहीं, आणि रवा मात्र गोळ्यांत येतो. येथेंही तसेंच. गुळगुळीत, ओल्या रंगावरून वडी घसरत जाते. वर आलेला कण मात्र तिला अडतो, कापला जातो आणि तिच्यांत रुततो.

वडीचा सुपारीएवढा तुकडा घेऊन मळावा व पुरीसारखा चपटा करावा. तिच्या मऊ, मध्यम आणि कडक अशा जाती मिळतात. आपण मऊ जातीचीच आणावी. तिच्याबरोबर मिळणारें निसरडें द्रव, किंवा तें नसल्यास पाण्यांत वाहनाच्या साबणाचे कांहीं थेंब घालून केलेलें मिश्रण, टाकीवर सढळ हातानें शिंपडावें. मग तळहाताएवढ्याच भागावर वडी सरळ रेषेंत मागें-पुढें फिरवावी. गोल फिरवूं नये. दाब बोटांच्या स्वतःच्या वजनाहून अधिक नसावा. प्रथम हातास खरखर जाणवेल व बारीक आवाज येईल. कण निघाले कीं वडी निःशब्द घसरूं लागेल. तोच थांबण्याचा इशारा. द्रव वाळूं लागला तर पुन्हां शिंपडावें. कोरड्या रंगावर वडी फिरविल्यास ओरखडे आलेच. दर थोड्या वेळानें वडीची घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी. आणि वडी जमिनीवर पडली तर मन घट्ट करून ती फेंकून द्यावी. तिला चिकटलेले खडे धुऊन निघत नाहींत, आणि वडी वांचविण्याच्या नादांत टाकी जाते.

एवढ्यानेंही न सुटणारे ऑइलपेंटचे चिकट ठिपके राहिलेच, तर द्रावणाचा विचार करावा. द्रावण निवडण्याचें मर्म असें, कीं तें नव्या रंगास मऊ करील पण जुन्यास ओळखणार नाहीं. ऑइलपेंट पातळ करण्यासाठीं रंगारी जें मिनरल टर्पेंटाईन वापरतात, त्याच्या अंगीं हा गुण आहे. चार दिवसांचा ऑइलपेंट त्यानें नरम पडतो. कारखान्यांत भट्टींत भाजून घट्ट केलेल्या अथवा वर्षानुवर्षें वाळून मुरलेल्या रंगावर त्याचा अल्पकाळ स्पर्श सहसा बाधत नाहीं. तरीही टाकीच्या खालच्या अंगास एक थेंब लावून, दोन मिनिटें थांबून, पांढऱ्या कापडानें पुसून पाहावें. कापडास मूळ रंग लागला किंवा जागा मऊ झाली, तर हा उपाय तेथेंच सोडावा. बाधत नसल्यास कापडाचें टोंक जेमतेम ओलें करून एकेका ठिपक्यावर क्षणभर टेंकवावें आणि लगेच पुसून घ्यावें. टाकीवर द्रावण ओतूं नये. काम होतांच तो भाग साबणाच्या पाण्यानें धुवावा, म्हणजे तेलकटपणा राहत नाहीं.

हें काम उघड्या हवेंत, हातमोजे घालून आणि मुलांस दूर ठेवून करावें. जवळ देवघरांतील समई, शेगडी, उदबत्ती अथवा कोणाची विडी पेटलेली नसावी. आपण पेट्रोलच्या टाकीवर काम करीत आहोंत, याचा विसर क्षणभरही पडूं नये. वापरलेलीं कापडें बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेलाच्या जातीचा रंग वाळतांना उष्णता उत्पन्न होते, आणि बोळ्यांत ती कोंडली तर कापड आपोआप पेट घेऊं शकतें. अशीं कापडें बाहेर मोकळीं पसरून वाळूं द्यावींत व मग टाकावींत.

आतां थिनरविषयीं. ज्या तरुणानें तें सुचविलें त्याचा हेतु चांगलाच असणार. थिनरनें तुषार निघतात यांत शंका नाहीं. परंतु टोल्युईन, ॲसिटोन वगैरे उग्र द्रव्यांचें तें मिश्रण नवा रंग कोणता आणि जुना कोणता, हा विवेक करीत नाहीं. जुन्या लॅकरच्या जातीच्या रंगास तर तें प्रत्यक्ष विरघळवितें. लॅकर हा शब्द आपल्याच संस्कृत 'लाक्षा' शब्दापासून देशोदेशीं फिरत गेलेला आहे. लाख जशी स्पिरिटांत विरघळते, तशी या रंगाची पुटें त्यांच्या मूळ द्रावणांत केव्हांही पुन्हां विरघळतात. वाळून चाळीस वर्षें लोटलीं तरी त्यांचा हा स्वभाव जात नाहीं. नखांचा रंग काढण्याचें द्रव हेंही बहुधा ॲसिटोनच होय. ब्रेकमध्यें घालावयाचें तेल रंगाचा घात करतें. पेट्रोलनें पुसणें म्हणजे आगीशीं खेळ. धारदार पातें आणि पॉलिशपेपर हीं दोन्ही वर्ज्य. शिवाय जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. भारतांत घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर आणणारे नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले आहेत. तेव्हां जुना रंग कोरडा घांसून त्याची धूळ घरांत उडविणें हें आरोग्याच्या दृष्टीनेंही वाईट.

सोनेरी रेषांचा प्रश्न विशेष जपून हाताळावा. डोळे मिटून बोट रेषेवरून आडवें न्यावें. रेषेची कड लागली नाहीं, तर ती वरच्या थराखालीं सुरक्षित आहे. कड लागली, तर रेषा सर्वांत वर आहे असें समजावें. तिच्यावर वडी फिरवूं नये, द्रावणही लावूं नये. कोमट साबणाच्या पाण्यांत भिजविलेला कापूस त्यावर ठेवून, रेषेच्याच दिशेनें हलके टिपावें. कांहीं कण राहिले तर राहूं द्यावेत. हातानें ओढलेली रेषा पुन्हां तशीच ओढतां येत नाहीं. चार पांढरे ठिपके मात्र कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहींत. जेथें अक्षरें वा चित्रें चिकटविलेलीं असतात, तेथेंही कडांशीं हाच नियम पाळावा.

मोटारसायकलीच्या इतर भागांस एकच औषध चालत नाहीं. चकचकीत क्रोमवरील ठिपके टर्पेंटाईनच्या कापडानें सहज निघतात. पुढच्या दिव्याचें आवरण कांचेचें असेल तर चिंता नाहीं. परंतु आतां बहुधा तें प्लॅस्टिकचें असतें, आणि उग्र द्रावणानें त्यावर बारीक भेगांचें जाळें पडतें. तेथें साबणाचें पाणी आणि फार तर मऊ वडी. ज्या वाहनांचा रंग मुद्दाम तकाकीविना, म्हणजे मॅट केलेला असतो, त्यांवर पॉलिश अथवा मेण लावूं नये; घांसलेली जागा चकाकूं लागते आणि तो डाग कायमचा होतो. ब्रेकच्या तबकडीस व टायरच्या धांवेस मेण, तेल, पॉलिश यांतील कांहींही लागतां कामा नये, कारण तेथें दिसण्याचा प्रश्न नसून जीविताचा आहे. तबकडीवर रंग उडाला असेल तर वाहन न चालवितां कारागिरास बोलवावें.

याहून महत्त्वाची गोष्ट शिरस्त्राणाची. वाहनावर टांगलेल्या हेल्मेटवरही तुषार उडतात, आणि तें पुसण्यास कोणी सहज थिनर घेतो. हेल्मेटचें कवच पुष्कळदां अशा प्लॅस्टिकचें असतें, कीं उग्र द्रावणानें त्याचें बळ खचतें. वरून मात्र तें पूर्वींसारखेंच दिसतें. प्रसंग येईल तेव्हांच त्याचा दुबळेपणा कळणार, आणि तेव्हां कळून उपयोग नाहीं. म्हणून हेल्मेट केवळ साबणाच्या पाण्यानें धुवावें; डोळ्यांपुढील पारदर्शक पडदी खराब झाली असल्यास नवी बसवावी. हेल्मेटवर थिनर वापरलेंच गेलें असेल, तर तें बाद समजावें. टाकीवर डाग राहिला तर दृष्टीस खटकेल इतकेंच. हेल्मेटच्या बाबतींत काटकसर नको.

सर्व कण निघाल्यावर पृष्ठभागावर किंचित् धुकें राहिल्यासारखें वाटलें, तर अगदीं बारीक जातीचें पॉलिश हातानें एकदां फिरवावें, कडा सोडून. ज्या वाहनावर पारदर्शक थर नाहीं तेथें कापडास थोडा रंग लागेलच. तो अधिक येऊं लागतांच थांबावें. शेवटीं मेणाचा एक पातळ हात द्यावा. यांतील उत्तम मानलेलें कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर सांपडतें. त्यानें रंगास तकाकी येते, आणि पुन्हां कधीं तुषार उडाले तर ते रंगास न धरतां मेणास धरतात. एक टाकी, दोन बाजूंच्या पेट्या आणि दोन मडगार्डें यांस एक दुपार पुरते.

आतां मजुरी कापण्याची गोष्ट. हा प्रश्न विज्ञानाचा नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु विज्ञानानें हानि किती झाली हें ठरतें, आणि हानि ठरल्याविना दंड ठरविणें न्यायाचें नव्हे. वर सांगितल्याप्रमाणें ही हानि बहुधा एका वडीची, थोड्या द्रवाची आणि एका दुपारच्या श्रमाची आहे. न लागणाऱ्या नव्या रंगाचा खर्च रोजंदारीच्या माणसाकडून वसूल करणें, हा त्याच्यावर अन्याय आहेच. शिवाय तो रंग दिल्यानें ज्या रेषा जपावयाच्या त्याच पुसल्या जाणार. वाहनें हलवावीं अशी सूचना फळ्यावर लावली होती काय, झांकण्यास चादरी दिल्या होत्या काय, हे प्रश्न आधीं मंडळानें स्वतःस विचारावेत. फवारा उघड्यावर मारण्याचा निर्णय ज्यानें घेतला, त्याच्याकडे जबाबदारीचा मोठा वांटा जातो. यंत्र हातांत धरणाऱ्याकडे त्या मानानें थोडा. आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. ज्याच्या मजुरीवर गदा येणार, तो डब्यांत काय मिसळलें होतें हें खरें सांगण्यास कचरेल. आणि तें कळल्यावांचून योग्य उपाय निवडतां येत नाहीं. त्याच्याशीं गोडीनें बोलावें. टर्पेंटाईनही त्याच्याकडेच मिळेल, आणि पुष्कळदां तो स्वतः होऊन मदतीस बसेल.

यापुढें अशी वेळ येऊं नये म्हणून थोडी दक्षता पुरे आहे. रंगकामाचा दिवस व वेळ आदल्या दिवशीं सर्वांस कळवावी. वारा वाहूं लागला कीं फवारा थांबवावा. वाहनें, शक्य असेल तर, वारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूस लांब नेऊन ठेवावीं. हलविणें अशक्य असल्यास जुन्या चादरींनीं तीं पुरतीं झांकावीं; हेल्मेट मात्र घरांत न्यावें. आणि जाळ्या-कठड्यांसारख्या कामास, जेथें निम्म्याहून अधिक रंग पोकळींतून वाऱ्यावर जाणार, तेथें कुंचलाच बरा. त्यास वेळ अधिक लागतो, पण रंग वांचतो, शेजाऱ्यांचीं मनेंही शाबूत राहतात.

पुढील अंकीं पितळेच्या व तांब्याच्या जुन्या भांड्यांवरील कल्हई, तिचें आयुष्य आणि ती उडाल्याची लक्षणें, यांविषयीं माहिती देण्याचा आमचा विचार आहे. त्यासंबंधीं वाचकांस कांहीं शंका असल्यास त्यांनीं अवश्य कळवाव्यात.